अँटिजेन म्हणजे नेमकं काय? अँटिजेन आणि विषाणू एकच का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अँटिजेन म्हणजेच विषाणू का, आणि रिपोर्टवर कधी अँटिजेन तर कधी अँटिबॉडी असं का छापलेलं असतं. मी बरीच वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. या दोन शब्दांच्या घोळापायी माणसं किती धास्तावतात ते मी जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. विषाणू हा अख्खा जीवजंतू धरला, तर अँटिजेन हा त्याच्या अंगावरचा किंवा आतला एखादा रेणू. एकाच विषाणूवर असे अनेक अँटिजेन असतात. शिवाय अँटिजेन रोगजंतूचाच असायला हवा असंही नाही. परागकणातलं प्रथिन, दुसऱ्याच्या रक्तपेशीवरची साखर, लसीतला तुकडा, हे सगळे अँटिजेनच. भाचा जन्मला की माणूस मामा होतो, तसं हे आहे. आपल्या प्रतिकार यंत्रणेतल्या एखाद्या पेशीचा ग्राही, म्हणजे तिच्या अंगावरची पकडणारी जागा, ज्या रेणूला नेमकं पकडू शकतो, तो रेणू त्या नात्याने अँटिजेन ठरतो. मराठी पुस्तकांत याला प्रतिजन म्हणतात आणि त्याला पकडायला शरीर जी प्रथिनं बनवतं त्या अँटिबॉडीला प्रतिपिंड. पकड बसते तीही पूर्ण रेणूवर नाही, त्याच्या एका छोट्याशा उंचवट्यावर किंवा खाचेवर. त्या जागेला एपिटोप म्हणतात.

ही पकड नुसत्या डोळ्यांनी बघता येते. रक्तगट तपासताना काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतो. एकात निळं अँटि-ए, दुसऱ्यात पिवळं अँटि-बी, तिसऱ्यात बिनरंगी अँटि-डी टाकतो (ही त्या त्या अँटिजेनला पकडणाऱ्या अँटिबॉडीची द्रावणं), काडीने कालवतो आणि पट्टी हलकेच डोलवत राहतो. रक्त ए गटाचं असेल तर पहिला थेंब बघता बघता रवाळ होतो, लाल कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. शेजारचा बीचा थेंब मात्र तसाच एकजीव राहतो. ए आणि बी या अँटिजेनमध्ये फरक केवढा, तर साखळीच्या टोकाला असलेल्या एका साखरेचा. कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये हे गट मांडले. तेवढ्या फरकावर चुकीच्या गटाचं रक्त जीव घेऊ शकतं, त्यामुळे तो थेंब बघताना आजही माझी नजर हलत नाही.

आता प्रतिकारात याचं काम काय ते सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं की जंतू आला की शरीर त्याचा माप घेऊन अँटिबॉडी शिवतं. खरं तर उलट आहे. अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे बी पेशी, तयार होतानाच त्यांची जनुकं तुकडे उलटसुलट जोडून घेतात, आणि प्रत्येक पेशीला आपापला वेगळा ग्राही मिळतो, कुठलाही जंतू दिसायच्या आधीच. हे जनुकांचं कोडं सुसुमु टोनेगावा यांनी उलगडलं, त्यासाठी त्यांना 1987 चं नोबेल मिळालं. म्हणजे कुलपं आधीच कोट्यवधींनी तयार आहेत, किल्ली नंतर येते. अँटिजेन आला की ज्या मोजक्या पेशींवर तो बसतो, त्याच पेशी निवडल्या जातात. त्या दुप्पट-चौपट होत जातात, काही अँटिबॉडी ओतू लागतात आणि काही आठवण धरून वर्षानुवर्षं थांबतात. पहिल्या वेळी याला आठवडाभर तरी लागतो. तेवढ्यात आपण तापाने फणफणतो. तोच अँटिजेन पुन्हा आला तर काम खूप लवकर होतं.

टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यांचं वेगळं आहे. त्यांना अँटिजेन सुटा दिसतच नाही. आपल्याच पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते पृष्ठभागावर एका खास खोबणीत मांडून दाखवतात, मग टी पेशी तो तुकडा तपासते. त्यात विषाणूचा तुकडा निघाला तर तो दाखवणारी पेशीच मारली जाते. पेशीत लपलेला विषाणू सापडतो तो असा. मला विचाराल तर शरीरातली ही सगळ्यात देखणी सोय आहे.

आणखी एक. अँटिजेन नुसता दिसून भागत नाही, धोक्याची खूणही लागते. ती नसेल तर शरीर बहुधा दुर्लक्ष करतं. म्हणून बऱ्याच लसींत अँटिजेनबरोबर ॲल्युमिनियमचे क्षार घालतात.

आता रिपोर्ट. अँटिजेन सापडला म्हणजे ती वस्तू आत्ता शरीरात आहे. अँटिबॉडी सापडली म्हणजे शरीराची तिच्याशी कधीतरी गाठ पडलीय, आजारातून किंवा लसीतून. नोकरीआधीच्या तपासणीचा कागद घेऊन एक मुलगी माझ्याकडे आली होती. हिपॅटायटिस बी, पुढे पॉझिटिव्ह. रात्रभर झोपली नव्हती, घरी कोणाला सांगितलं नव्हतं. कागद नीट वाचला तर वर लिहिलं होतं अँटि-एचबीएस. म्हणजे अँटिबॉडी. एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचा अँटिजेन, निगेटिव्ह होता, आणि अँटि-एचबीसीसुद्धा निगेटिव्ह. तिने लहानपणी लस घेतलेली होती. या लसीत यीस्टमध्ये बनवलेला तेवढा एकच पृष्ठभागाचा अँटिजेन असतो, त्यामुळे त्याच्याच अँटिबॉडी तयार होतात. विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटि-एचबीसी फक्त खरा संसर्ग झालेल्यांत सापडते. म्हणजे तिला आजार नव्हताच, होतं ते संरक्षण. हे तिला तिथेच दोन वाक्यांत कोणी सांगायला हवं होतं.

तुमच्याकडेही असा कागद असेल तर तपासणीच्या नावातली अक्षरं बघा: शेवटी 'एजी' असेल तर अँटिजेन, सुरुवातीला 'अँटि' असेल तर अँटिबॉडी. आणि हिपॅटायटिस बीची लस नुकतीच घेतली असेल तर एचबीएसएजीची तपासणी तीन-चार आठवडे थांबून करा, कारण लसीतलाच अँटिजेन काही दिवस रक्तात सापडू शकतो. एचबीएसएजी खरोखर पॉझिटिव्ह आला असेल तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा, त्यावर औषधं आहेत.