'पोर्टेबल' या इंग्रजी विशेषणाचा नेमका अर्थ काय आणि तो शब्द आला कुठून?

पोर्टेबल म्हणजे उचलून दुसरीकडे नेता येईल आणि तिथेही वापरता येईल असं. शब्दकोशी मराठीत 'सुवाह्य', पण बोलताना तो कोणी वापरत नाही.

वस्तू लहान किंवा हलकी असलीच पाहिजे, अशी अट मात्र या शब्दात नाही. १९८१ साली आलेला 'ऑस्बोर्न १' हा संगणक पोर्टेबल म्हणूनच विकला गेला. त्याचं वजन सुमारे ११ किलो होतं आणि आत बॅटरीही नव्हती. मुक्कामी पोचलं की आधी प्लग शोधायचा! घरगुती विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या सुरक्षा मानकात तर पक्कं न बसवलेलं, १८ किलोंहून कमी वजनाचं उपकरणही पोर्टेबलमध्येच मोडतं.

मूळ लॅटिन क्रियापद 'पोर्तारे', म्हणजे वाहून नेणे. त्यावरून 'पोर्ताबिलिस' झालं आणि पुढे ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. याच क्रियापदाची भावंडं आपण रोज वापरतो : इम्पोर्ट (आत आणणे), एक्स्पोर्ट (बाहेर नेणे), ट्रान्सपोर्ट (पलीकडे नेणे), रिपोर्ट (परत आणून देणे, म्हणजे खबर) आणि सामान वाहणारा पोर्टर. 'स्पोर्ट'सुद्धा यातलाच : जुन्या फ्रेंचमधल्या 'देस्पोर्तेर'चा अर्थ मन दुसरीकडे नेणे, रमवणे. बंदर या अर्थाचा 'पोर्ट' मात्र 'पोर्तुस'वरून आलाय. तो याच घराण्यातला, पण चुलत शाखेचा.

संगणकात हाच शब्द वजन सोडून देतो. पीडीएफमधला 'पी' पोर्टेबलचाच : कुठल्याही यंत्रावर उघडा, पानाची मांडणी तीच राहायला हवी. पोर्टेबल सॉफ्टवेअरचे अर्थ दोन आहेत आणि गोंधळ इथेच होतो. प्रोग्रामरच्या तोंडी, थोड्याफार बदलांनी दुसऱ्या प्रणालीवर चालवता येणारा कोड. डाउनलोडच्या पानावर, इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं ॲप. असं ॲप आपली सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतं. म्हणून पूर्ण फोल्डर कॉपी करावं. नुसती मुख्य फाइल नेली तर सेटिंग्ज मागे राहतात, कधी ॲप उघडतही नाही.

आणि 'पोर्टेबल वॉटर' लिहिलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा ती चूक असते. पिण्यायोग्य पाण्याला 'पोटेबल' म्हणतात. तो 'पोतारे', म्हणजे पिणे, या वेगळ्याच क्रियापदावरून आला. स्पेलचेक ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.