लाडू आणि चिवडा वेगळे करायचे का?

"मॅडम, दोघं दिवसरात्र भांडतात. वेगळे केले तर एकटेपणानं खंगतील म्हणतात, आणि एकत्र ठेवले तर एक दुसऱ्याला मारून टाकेल अशी भीती वाटते. आम्ही नक्की करायचं काय?"

ठाण्याहून आलेला हा फोन. गिनीपिग पाळणाऱ्या घरांतून असे फोन मला वर्षभर येतात, मे महिन्यात जरा जास्तच. प्राण्यांच्या वर्तनाबद्दल समुपदेशन करते म्हटलं की लोकांना कुत्री-मांजरंच आठवतात. पण कुत्रा बिघडला तर त्याचा त्रास माणसाला होतो, म्हणून माणूस फोन करतो. इथे माणसाला तसा काही त्रास नसतो. पिंजऱ्यात दोघांची कटकट चाललेली असते आणि सगळं घर जागं असतं.

घरी आई, बाबा, आजी आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. लाडू आणि चिवडा दोघंही नर, साधारण नऊ महिन्यांचे. अगदी पिल्लं असताना दुकानातून आणलेले. "भाऊ-भाऊ आहेत, कधी भांडणार नाहीत," असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. (घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

अशा वेळी सल्ला देण्याआधी मी एक व्हिडिओ मागते. मोबाइल पिंजऱ्याशेजारी टेकवून ठेवायचा, सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं आणि अर्धा तास होऊ द्यायचं जे होईल ते. माणसं समोर असली की हे प्राणी एकतर खाऊसाठी ओरडतात नाहीतर दडून बसतात, खरी वागणूक दिसतच नाही. व्हिडिओत लाडू कंबर डोलवत, घशातून घुर्र आवाज काढत चिवड्याभोवती फेऱ्या मारत होता. मग मागून अंगावर चढला. चिवडा कुईकुई करत पळाला. लाडूनं दात कटकटवले. चिवड्यानं हनुवटी जरा वर उचलली आणि लगेच खाली घेतली. पाचव्या मिनिटाला दोघं शेजारी शेजारी उभे राहून एकाच काकडीचे तुकडे खात होते.

हे भांडण नव्हे, असं मी आईंना सांगितलं. गिनीपिग नर तीन-चार महिन्यांचा झाला की वयात येतो, आणि वरचढ कोण हा प्रश्न वर्षाचा होईपर्यंत, कधी चौदा-पंधरा महिन्यांपर्यंत, पुन्हा पुन्हा निघत राहतो. घुरघुरणं, कंबर डोलवणं, अंगावर चढणं, पाठलाग, नाकानं ढुशी देणं ही सगळी त्यांची बोलाचाली. दात कटकटवणं हा इशारा. दोघंही मान ताणून, तोंडाला तोंड भिडवून, केस फुलवून उभे राहिले आणि एकानं जांभई दिल्यासारखं तोंड उघडून दात दाखवले, तर मात्र जवळ जाऊन बसायचं. आणि दोघांचा एकच गोळा होऊन गडगडायला लागला, किंवा रक्त दिसलं, तर त्याच क्षणी वेगळं करायचं. हात घालायचा नाही. त्या वेळी ते कुणाचं बोट आहे हे बघत नाहीत. केराची सुपली दोघांच्या मध्ये सरकवायची, किंवा जाड टॉवेल टाकायचा.

माणसं नेमकं उलटं करतात. आवाजाला घाबरून ती लगेच वेगळं करतात, आणि खरंच चावा बसला की "भावंडांत होतंच" म्हणून चालवून घेतात. या घरात धाकटी मुलगी लाडूला "शिक्षा" म्हणून अर्धा तास चपलांच्या खोक्यात ठेवायची आणि मग परत सोडायची. प्रेमापोटीच करत होती. पण प्रत्येक वेळी परत सोडलं की लाडू-चिवड्याचा वरचढपणाचा हिशेब पहिल्या ओळीपासून सुरू. खोकं बंद, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

आता एकटेपणाचं. ही भीती खोटी नाही. गिनीपिग हे अँडीज पर्वतराजीतल्या कळपात राहणाऱ्या प्राण्याचे वंशज. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८पासून कायद्यानंच त्यांना किमान दोघांत ठेवावं लागतं. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातले नॉर्बर्ट साक्सर यांनी या प्राण्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे. अनोळखी जागी ठेवलेल्या नराच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक त्याची नेहमीची जोडीदारीण सोबत असेल तर कमी वाढतं, पण अनोळखी मादी ठेवून तो फायदा होत नाही, हे त्यांच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे कुणाची तरी सोबत आणि आपल्याची सोबत यातला फरक त्यांना कळतो. त्यांच्याच कामातून दिसलेली दुसरी गोष्ट मला इथे जास्त उपयोगाची वाटते. मोठ्या कळपात, वयस्क नरांच्या धाकात वाढलेले नर पुढे अनोळखी नरांशीही फारशी मारामारी न करता जुळवून घेतात. एकेकटे वाढलेले नर तसं करत नाहीत. दुकानातून उचललेल्या दोन पिल्लांना माघार कशी घ्यायची हे शिकवायला थोरला कुणी नसतोच. दोघंही आपापल्या अकलेनं मोठे होतात.

व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं. पिंजरा दोन फूट बाय दीड फूट, पाण्याची बाटली एक, वाटी एक, लपायला लाकडी घर एक आणि त्याला दार एकच. आत शिरलेला चिवडा बाहेर पडणार कुठून? लाडू दारात बसला की तो कोंडला गेला. शिवाय पिंजरा बाल्कनीत. या प्राण्यांना २६-२७ अंशांच्या वर उकाडा सोसत नाही आणि ठाण्यातला मे तुम्हाला माहीत आहे.

तरीही मला एक कोडं सुटत नव्हतं. महिनाभरापूर्वीपर्यंत याच टिचभर पिंजऱ्यात दोघं बरे होते, मग आत्ताच काय झालं? आई म्हणाल्या, काही नाही. बाबा म्हणाले, काही नाही. आजी मागून म्हणाल्या, "अगं, ती पाहुणी आलीय ना!"

मोठ्या मुलीची मैत्रीण सुटीत गावाला गेली होती आणि तिची गिनीपिग मादी सांभाळायला यांच्याकडे ठेवून गेली होती. तिचा पिंजरा कुठे, तर त्याच बाल्कनीत, हातभर अंतरावर. वयात आलेल्या दोन नरांना मादीचा वास येत राहिला तर एकमेकांशी पटणं कठीणच. पाहुणी त्याच संध्याकाळी दुसऱ्या मैत्रिणीकडे गेली. पहिल्या रात्रीत फरक पडला नाही, पण चार-पाच दिवसांत कटकट अर्ध्यावर आली.

बाकीचे बदल बाबांनी केले. हॉलमधला टीपॉय हलवून, जाळीचे चौकोन जोडून पाच फूट बाय दोन फुटांचं कुंपण उभं केलं. दोन बाटल्या, दोन ठिकाणी सुकं गवत, आणि खोक्यांची दोन घरं, प्रत्येकाला दोन दारं. वाटी काढूनच टाकली, भाजी जागोजागी विखरायची. सगळं कुंपण एकदम फिनेल मारून धुवायचं नाही हेही सांगितलं. आपला वास पुसला गेला की दोघं नव्यानं हद्द आखायला लागतात. ओला कोपरा रोज काढायचा आणि थोडं जुनं अंथरूण मागे ठेवायचं. दोघांना एकत्र आंघोळ घातली की दोस्ती होते, असा सल्ला त्यांनी कुठेतरी ऐकला होता. तो मला मुळीच पटत नाही. भिजलेले, घाबरलेले दोन जीव एकमेकांना चिकटतात ते भीतीनं. अंग वाळलं की पुन्हा तेच.

आणि एक काम आजींना दिलं. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोघांचं वजन. दबलेला गिनीपिग रडून दाखवत नाही, तो फक्त कमी खातो. मोठ्या गिनीपिगच्या वजनात पन्नासएक ग्रॅमची घट दिसली की लक्ष ठेवायचं आणि शंभराच्या जवळ गेली की डॉक्टर गाठायचा. आजींनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागची पानं आखली. चिवडा ८७० ग्रॅम, लाडू ९६०.

इथेच थोडं बाजूला जाऊन दोन गोष्टी सांगते, कारण सगळ्यांच्या घरी दोन नरच असतात असं नाही.

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांकडे दोन माद्या होत्या, वर्षानुवर्षं सुखात नांदणाऱ्या. चार वर्षांची थोरली अचानक नरासारखी घुरघुरत दुसरीच्या अंगावर चढायला लागली. तिच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ झाले होते. सोनोग्राफीत बीजकोशावर गाठी निघाल्या. वाढत्या वयाच्या माद्यांत हे सर्रास आढळतं. तिथे वेगळं करण्याचा प्रश्नच नव्हता, उपचारांचा होता. म्हणून जुनी जोडी एकाएकी बिघडली तर माझ्याआधी डॉक्टर. दात, मूतखडा, खरूज, काहीही दुखत असलं तरी प्राणी चिडका होतो.

दुसरी गोष्ट: दुकानदारानं "दोन्ही माद्या" म्हणून दिलेल्यातला एक नर निघाला, तर रक्ताची वाट बघायची नाही. त्याच दिवशी वेगळे. मादी महिन्याभराच्या वयातही गाभण राहू शकते आणि व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. पिल्लं झालीच तर नर पिल्लं तीन आठवड्यांची होताच आईपासून काढायची.

ठाण्याला परत येऊ. जून बरा गेला. जुलैच्या अखेरीस आजींच्या वहीत चिवड्याचा आकडा घसरायला लागला. ८७० वरून ८४०, मग ८१०. कुंपणात भांडण दिसत नव्हतं, पण रात्रीच्या व्हिडिओत दिसलं की लाडू दोन्ही गवताच्या ढिगांच्या मधोमध बसतो आणि चिवडा पहाटेपर्यंत खोक्याबाहेर येत नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, त्याच्या आदल्या रात्री कमरेवर चावा बसला. चांगला खोल.

बाबांनी सुपली वापरली, बोटं वाचली. घरात मुलीच्या खोकल्याच्या वेळचं अँटिबायोटिक उरलेलं होतं, त्यातलं थोडं देऊ का, असं विचारायला रात्री फोन आला. अजिबात नाही. ॲमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन यांसारखी औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. सलाइनच्या पाण्यानं जखम धुवा, स्वच्छ टॉवेलवर ठेवा आणि सकाळी छोटे प्राणी बघणारे डॉक्टर गाठा. चाव्याच्या जागी पुढे गळू झालं, ते कापून साफ करावं लागलं. चावणाऱ्या लाडूचीही तपासणी करून घेतली. दात ठीक, खडा नाही, त्वचा ठीक. त्याला काही दुखत असतं तर आम्ही आशेनं थांबलो असतो.

आता मात्र मी स्पष्ट सांगितलं, वेगळे करा. पण दोन खोल्यांत नाही. त्याच कुंपणाच्या मधोमध जाळी उभी करायची आणि दोघांची गवताची जागा जाळीला लागून, समोरासमोर ठेवायची. वास, आवाज, खाताना शेजारी कुणीतरी असणं, हे सगळं तसंच राहतं. फक्त दात पोचत नाहीत. "एकत्र की एकटे" असा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांना हा मधला मार्ग सुचलेला नसतो.

सगळ्यात जड मोठ्या मुलीला गेलं. "त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे, तुम्ही तोडताय," असं तिनं मला सरळ सुनावलं. मी तिला पटवत बसले नाही. जखम भरून चिवडा पुन्हा साडेआठशेच्या वर आला, तेव्हा एकदा प्रयत्न करून बघू म्हटलं, आणि तो तिच्याच हातून करवला. जागा दोघांनाही परकी हवी म्हणून बाबांच्या खोलीतली फरशी. मध्ये गवताचा मोठा ढीग, लपायला खोकं नाही, हाताशी सुपली. लाडू ढिगाला वळसा घालून थेट चिवड्यासमोर आला. केस फुललेले, दोघांच्या माना ताणलेल्या, दात कटकटायला लागले आणि थांबेनात. सुपली तिनंच मध्ये घातली. "बस झालं," म्हणाली. पुन्हा प्रयत्न करू या का, असं तिनं त्यानंतर विचारलं नाही.

आईंचं मन मात्र खात होतं. आधीच वेगळं केलं असतं तर चावा बसला नसता, असं त्यांना वाटत होतं. मी नाही म्हटलं. मे महिन्यात वेगळं करण्याजोगं काही घडलेलंच नव्हतं. गर्दी, उकाडा आणि पाहुणी ही कारणं काढून बघितल्याशिवाय या दोघांचं मुळातच जमत नाही हे कळलं नसतं. कित्येक नरांच्या जोड्या एवढ्या बदलांवरच सावरतात आणि पुढची चार-पाच वर्षं मजेत काढतात. ही सावरली नाही.

एक प्रश्न अजून लोंबकळतो आहे. चिवड्यासाठी मादी आणावी का? नर खच्ची करून त्याला एक मादी, ही खरं तर सगळ्यात शांतपणे नांदणारी जोडी. पण एवढ्याशा जिवाला भूल देण्यात धोका असतो, म्हणून हात बसलेले डॉक्टर हवेत. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे त्याला मादीपाशी सोडता येत नाही, कारण तेवढे दिवस गर्भधारणा होऊ शकते. शिवाय जाळीपलीकडे लाडू आहेच. मादी आली तर त्याचं कुंपण दुसऱ्या खोलीत हलवावं लागेल आणि मग एकटा पडणार तो. त्याला आणखी एक मादी म्हणजे घरात चार गिनीपिग. बाबांनी हॉलकडे नजर टाकली आणि तूर्त नको म्हणाले. मलाही ते पटलं. दोघं जाळीला लागून झोपतात, खातात आणि वजनं स्थिर आहेत, तोवर घाई नाही. एकानं जाळीकडे यायचं सोडलं किंवा वहीतला आकडा पुन्हा घसरायला लागला, तर मला फोन करायचा असं ठरलं आहे.