दुपारी नेट जातं, नेटवाला म्हणतो लाईन ओके: आधी कुठं तुटतं ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र, बाजूलाच सेवा केंद्राचं काउंटर. दोन बिलिंग कॉम्प्युटर, खतविक्री नोंदवायचं पॉस मशीन, चार कॅमेरे, राउटर मागच्या टिनाच्या गोदामात. मे लागल्यापासून दुपारी एकच्या सुमारास नेट अडखळतं, चारनंतर आपोआप सुधारतं. नेटवाला म्हणतो, आमच्याकडून सगळं ओके.

भाऊ, "नेट जातं" एवढ्या तक्रारीवर तो काही करणार नाही. त्याचा पोरगा संध्याकाळी येईल, स्पीड टेस्ट मारेल, आकडा चांगला दिसला की गाडीला किक मारून निघून जाईल. त्याच्यासमोर ठेवायला किती वाजता तुटलं आणि कुठं तुटलं याचा कागद हवा.

त्यासाठी तीन ठिकाणी पिंग चालू ठेवायचं, म्हणजे त्या पत्त्याला छोटा संदेश पाठवत राहायचं आणि उत्तर येतं का, किती वेळात येतं ते पाहायचं. पहिलं तुमचा राउटर, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. दुसरं नेटवाल्याकडचा पहिला पत्ता. कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट (tracert) लिहून पुढे ८.८.८.८ दिलं की राउटरनंतर दिसतो तो. तिसरं स्वतः ८.८.८.८, म्हणजे गुगलचा सर्व्हर. विंडोजच्या साध्या पिंगमध्ये वेळ उमटत नाही, म्हणून निरसॉफ्टचं पिंगइन्फोव्ह्यू घ्या. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि कोणता पत्ता शेवटचा कधी चुकला, म्हणजे उत्तर दिलं नाही, ते दाखवतं. तो कॉम्प्युटर केबलनंच राउटरला जोडा. वायफायवरचा लॉग (पिंगची नोंद) दाखवला की नेटवाला सगळं खापर वायफायवर फोडेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. दुसरा पत्ता पिंगला उत्तरच देत नसेल किंवा अधूनमधून चुकत असेल, पण तिसरा व्यवस्थित चालत असेल, तर घाबरू नका. मधले राउटर पिंगला उत्तर देणं बरेचदा टाळतात.

आता तुमची वेळ पाहून माझा पहिला संशय सांगतो: ऊन. दुकानातल्या साध्या राउटरवर आणि फायबरच्या डब्यावर कंपनी बहुधा ० ते ४० अंशांची मर्यादा लिहिते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ ला जातो, टिनाखाली काय होत असेल ते तुम्हीच समजा. त्यात डबा भिंतीवर उंच, वर खताच्या पोत्यांची थप्पी, अ‍ॅडाप्टर एक्स्टेंशन बोर्डात कोंबलेला. दुपारी नेट गेलं की राउटरच्या स्टेटस पानावर अपटाइम (डबा किती वेळ सलग चालू आहे ते) पाहा. तिथं दहा-पंधरा मिनिटंच दिसत असतील तर डबा स्वतःच बंद होऊन चालू झाला. मग कारण उष्णता, अ‍ॅडाप्टर किंवा व्होल्टेज. अपटाइम शाबूत असला तरी पहिलाच पत्ता चुकत असेल तर डबा गरम होऊन अडकतोय किंवा केबल-स्विचमध्ये गडबड आहे. दोन दिवस डबा काउंटरखाली आणून ठेवा, फरक पडला तर निकाल लागलाच. इन्व्हर्टर असूनही वीज गेल्याच्या क्षणी डबा रिस्टार्ट होत असेल तर राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, पण आधी अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

पहिला पत्ता ठीक आणि पुढचे दोन्ही गेले, तर भानगड फायबरकडे. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही. दिवा नसला तरी डब्याच्या पानावर ऑप्टिकल आरएक्स पॉवर (येणाऱ्या उजेडाची ताकद) पाहा. उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर लाईन काठावर आहे. खिळ्याला घट्ट गुंडाळलेली वायर, उंदरानं कुरतडलेलं टोक, नाहीतर खांबावरच्या केबलवर वानरांनी घेतलेले झोके, यातलं काहीही कारण असू शकतं. आणि एक गोष्ट नेटवाला आपणहून सांगत नाही: त्याचा स्विच (नेट पुढे वाटणारा डबा) कुणाच्या तरी घरी किंवा खांबावरच्या पेटीत असतो, विजेच्या दुसऱ्याच फीडरवर. तिथली बॅटरी संपली की तुमच्याकडं पंखा फिरतोय आणि नेट मात्र गायब. रोज ठरावीक वेळी जात असेल तर लोडशेडिंगच्या वेळेशी लॉग लावून पाहा.

पिंग तुटत नाही, पण तीस-चाळीस मिलिसेकंदांवरून सहाशे-सातशेवर चढतं, असं दिसलं तर लाईन भरली आहे. बहुतेक वेळा अपलोड, म्हणजे तुमच्याकडून बाहेर जाणारा डेटा. घरून मोबाईलवर चारही कॅमेरे पूर्ण क्वालिटीत लावून ठेवले की पॉस मशीनला जागाच उरत नाही. मोबाईलसाठी कॅमेऱ्याचा सबस्ट्रीम (कमी क्वालिटीचं चित्र) लावा.

८.८.८.८ ला पिंग चालतं पण कोणतीच साईट उघडत नाही, तर डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदला. फक्त पीक विम्याचं किंवा सातबाऱ्याचं पोर्टल अडकत असेल, तर मोबाईल डेटावर तेच उघडून पाहा. तिथंही चाक फिरत राहिलं तर सर्व्हरवर गर्दी आहे. त्यात नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही, ग्राहकाला सकाळी लवकर बोलवा.

तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी द्या: तारीख, वेळ, कोणता पत्ता चुकला, त्या वेळचा अपटाइम आणि आरएक्स पॉवर. फोटो जोडा. आधी डबा टिनाखालून हलवा आणि दोन-तीन दिवसांचा लॉग इथं टाका. दुसऱ्या पत्त्यापासून पुढं तुटत असेल तर नेटवाल्याला काय लिहायचं ते मी सांगतो.