थोरल्याला चालतं, मग धाकट्याला का नाही?

"मॅडम, हे कायद्यात बसतं की नाही तेवढं सांगा." ऑनलाइन सट्ट्याच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या कुटुंबांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. किती गेले, कधीपासून चालू आहे, रात्री झोप लागते का, हे सगळं नंतर. घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. खेळणाऱ्याला मात्र 'लंडनमध्ये राजरोस चालतं' एवढं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं.

आज सांगते ते एका घराचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई सांगली जिल्ह्यातल्या निवृत्त शिक्षिका, वडील हयात नाहीत. थोरला इंग्लंडात स्लाऊला, बायको-मुलीसह. धाकटा सत्ताविशीचा, हिंजवडीत नोकरीला. आई आणि धाकटा आले ते त्याचं पगाराचं खातं गोठलं म्हणून. बँकेतून एवढंच कळलं होतं, की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी रक्कम अडवायला सांगितली आहे. धाकटा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी कुणाला फसवलं नाही. मी फक्त मॅचवर लावत होतो."

ते खरंही होतं. व्हॉट्सॲपवर एजंट 'आयडी' देतो, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं. पैसे भरायला दर खेपेला नवा यूपीआय आयडी येतो, कुणातरी अनोळखी माणसाच्या नावाचा. जिंकलेले पैसेही अशाच कुणाच्या तरी खात्यातून येतात. ही खाती भाड्याने घेतलेली असतात आणि त्यांतून तिसऱ्याच कुणाला गंडवून काढलेला पैसाही फिरत असतो. तो गंडवला गेलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढत जातात आणि वाटेत लागलेलं प्रत्येक खातं अडकतं. याच्या खात्यात त्यातले काही हजार 'जिंकलेले' म्हणून आले होते. मी वकील नाही; खात्याचं प्रकरण मी वकिलाकडेच पाठवलं. फक्त एक बजावून सांगितलं, की एजंट 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो' म्हणाला तर चुकूनही द्यायचं नाही. तिथून पुढे माणूस नुसता खेळणारा राहत नाही.

दुसऱ्या भेटीत थोरला व्हिडिओ कॉलवर होता. भावाची बाजू घ्यायला म्हणून तो बोलून गेला, "आई, तू उगाच घाबरतेस. मीपण लावतो की. इथे लीगल आहे." आईंना हे नवीनच होतं. त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे एकाच मॅचवर दोघं पैसे लावणार. एकाला तिथलं सरकार परवानगी देतं आणि एकाच्या मागे इथे पोलीस? हा कुठला न्याय?"

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तर नीट दिलं. आपल्याकडे सट्टा-जुगार हा राज्यांचा विषय. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. घोड्यांच्या शर्यतींना वाट मिळाली, कारण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो कौशल्याचा खेळ मानला. त्याच 'कौशल्या'च्या आडोशाला पुढे फँटसी ॲप्सही (खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडून त्यावर पैसे लावायची) उभी राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने तो आडोसा काढला: कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवायला मनाई. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे ऐकून आईंच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला. गोव्याचं उदाहरणही कुणीतरी काढतंच, म्हणून तेही सांगितलं. तिथली परवानगी बोटींवरच्या आणि पंचतारांकित हॉटेलांतल्या कॅसिनोंपुरती आहे, पुण्यातल्या फोनपर्यंत ती पोहोचत नाही.

धाकटा इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, "पण आमच्या साइटकडे कुरासावचं लायसन्स आहे." हे वाक्य मी फार ऐकते. कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं छोटं बेट. तिथला परवाना म्हणजे भारतातला परवाना नव्हे, हे मी सांगणार होते, पण थोरल्यानेच त्याला अडवलं. "अरे, ती साइट इथेही बेकायदेशीर आहे." तो म्हणाला ते बरोबर होतं. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्याखाली गॅम्बलिंग कमिशन परवाने देतं, आणि २०१४ पासून कंपनी जगात कुठेही बसलेली असो, ब्रिटिश गिऱ्हाईक हवं असेल तर ब्रिटिश परवाना लागतो. धाकटा ज्या 'तिकडच्या' कायद्याच्या जिवावर खेळत होता, त्या कायद्याने त्याच्या एजंटला दारातही उभं केलं नसतं.

शिवाय एजंटने त्याचे जिंकलेले चाळीसेक हजार दाबून ठेवले होते. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल, त्यामुळे वसुलीसाठी कोर्टाची पायरी चढायची सोय नाही. ब्रिटनमध्ये आता दावा लावता येतो.

इथवर ऐकणाऱ्याला वाटेल, म्हणजे थोरल्याचं सगळं ठीक. आईंनाही तसंच वाटलं होतं. मी दोघांना दोनच प्रश्न विचारले, जे या कामातले सगळेच विचारतात. लावायची रक्कम दिवसेंदिवस वाढवावीशी वाटते का? किती लावता याबद्दल जवळच्या माणसाशी खोटं बोलावं लागलंय का? धाकट्याने दोन्हींना मान डोलावली. थोरला दुसऱ्या प्रश्नाला कॅमेऱ्यावरून बाजूला झाला. परत आला तेव्हा दार लावून आला होता. बायकोला माहीत नव्हतं. मुलीच्या नावाने ठेवलेल्या पैशांतले बरेच गेले होते, आणि ते सगळे परवानाधारक कंपनीकडे, डेबिट कार्डाने, पावतीसकट. तिथे एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी आहे, त्यामुळे निदान उधारीवर खेळला नव्हता एवढंच.

कायद्याने माणसाचं व्यसन ठरत नाही. त्याला कुलपं कुठली मिळतात, ते ठरतं. थोरल्याला एक फॉर्म भरून गॅमस्टॉप या यादीत नाव घालता आलं. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, जो काळ निवडाल तो संपेपर्यंत एकही परवानाधारक ऑनलाइन कंपनी तुम्हाला खेळू देऊ शकत नाही, आणि मधेच मन बदललं तरी नाव निघत नाही. त्याने पाच निवडली. ऑस्ट्रेलियात तर मॅच चालू असताना ऑनलाइन पैसे लावायलाच २००१ च्या कायद्याने मनाई आहे. लावायचे तर फोन करून. धाकट्याने हे ऐकल्यावर पहिल्यांदा स्वतःहून काही विचारलं, "म्हणजे सेशन नाही?" सेशन म्हणजे पहिल्या सहा ओव्हरांत किती धावा होतील, अशा तुकड्यांवरचा सट्टा. त्याचे बहुतेक पैसे तिथेच गेले होते. एक तुकडा हरला की भरून काढायला पुढचा समोर हजर, विचार करायला उसंतच नाही. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर प्रत्येक राज्याचा नियम वेगळा झालाय, ते मी सांगत बसले नाही. त्याचा या घराशी संबंध नव्हता.

सिंगापूरचा मात्र होता. कंपनी धाकट्याला तिथल्या प्रोजेक्टवर पाठवायचं म्हणत होती, आणि आईंना वाटत होतं, जागा बदलली की सुटेल. तिथे सिंगापूर पूल्ससारख्या परवानाधारकाकडे लावता येतं, पण २०२२ च्या कायद्याने विनापरवाना साइटवर खेळणाराही गुन्हेगार ठरतो: दहा हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फोनमधला आयडी तसाच घेऊन गेला असता तर इथे नसलेली शिक्षा तिथे होती. खेळणाऱ्याला कॅसिनोत प्रवेश बंद करावा, असा अर्ज तिथे घरच्यांनाही करता येतो, हे कळल्यावर आई म्हणाल्या, "हे आपल्याकडे का नाही?" माझंही तेच म्हणणं आहे.

आपल्याकडे एजंटला कुठली यादी दाखवणार? धाकट्याने एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून 'बोनस'चा मेसेज यायचा. मग कुलपं घरीच करावी लागली. नंबर बदलला. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणली. नव्या खात्यात पगार आला की घरभाडं आणि हप्ते त्याच दिवशी जातात. उरलेल्यावर नजर ठेवायला त्याने मामाला निवडलं, आईला नाही. ते मला बरं वाटलं. आई आणि कर्ज यांच्यामध्ये कुणीतरी हवंच होतं, कारण त्या पाटल्या मोडायला निघाल्या होत्या. "एकदाचं फिटू दे, मग तो मोकळ्या मनाने सुधारेल." अशा वेळी मी कठोर होते. एकरकमी फेडलेलं कर्ज खेळणाऱ्याच्या डोक्यात नवीन भांडवल म्हणून नोंदलं जातं. कागद घेऊन लोन ॲपपासून मित्रांपर्यंत सगळी देणी त्याच्याच हाताने लिहून घेतली. जास्त व्याजाची आधी. पाटल्या लॉकरमध्येच राहिल्या. आई त्या दिवशी माझ्यावर नाराज होऊन गेल्या.

मधे एका मोठ्या स्पर्धेत तो घसरला, मित्राच्या आयडीवरून. दुसऱ्या दिवशी मामाला स्वतः सांगितलं. अशा अवघड रात्रीसाठी मी त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर दिला आहे, मराठीतही बोलता येतं. थोरल्याच्या घरी बरंच वाजलं, पण बायको तिथेच आहे आणि आता हिशेब तिच्याकडे आहे.

गेल्या भेटीत आईंनी विचारलं, स्थळाला हे सांगायचं का? थोरल्याचं कायदेशीर होतं, त्याचं एक वेळ झाकता आलं असतं. याचं कळलं तर मुलगी कोण देणार? मी म्हटलं, सांगायचं, आणि त्याने स्वतः सांगायचं: कर्ज किती, महिन्याला किती फिटतं, शेवटचा कधी खेळला. धाकट्याने सांगितलं. त्या मुलीने होकारही दिला नाही, नकारही नाही. तिने सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं आहे, आणि तो ते आता स्वतःच तपासत बसलाय.