‘रूल आउट’चा अर्थ कुणाला विचारायचा?

"ताई, काम करताना अडलं तर मी विचारू कुणाला? सांगितलं तर गुपित फुटतं, नाही सांगितलं तर झोप लागत नाही." बधिरांसाठी सांकेतिक भाषेत दुभाषाचं काम नव्यानं करणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न हमखास पडतो. त्यांतल्या एकीची हकीकत सांगते, तिच्या परवानगीनं आणि ओळखीचे तपशील बदलून.

मी समुपदेशक. इंदूरला स्नेहलतागंजातल्या माझ्या खोलीवर ती आली, तेव्हा काम सुरू करून तिला जेमतेम तीन महिने झाले होते. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषांसाठी असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा तिनं केला होता, पण साइन हातात बसली होती ती लहानपणापासूनच. आई बधिर. रेशनचं दुकान, बँक, शाळेतली पालकसभा, सगळीकडे आईच्या वतीनं बोलणारी हीच. त्यामुळे घरच्यांना वाटे, हिला यात काय अवघड?

बिघडलं ते एका दवाखान्यात. मानेला गाठ आलेले एक बधिर काका, सोबत बधिर काकू. डॉक्टर घाईघाईत म्हणाले, "कैंसर रूल आउट करना पड़ेगा, बायोप्सी करा लो." म्हणजे कॅन्सर तर नाही ना, हे तपासून घ्यावं लागेल. हिनं ‘आउट’ धरलं आणि साइन केली: कॅन्सर आहे, काढावा लागेल. काकांचे हात थरथरले. दुभाषानं ‘ते विचारतायत’ असं म्हणायचं नसतं; समोरच्याचा ‘मी’ आपल्या तोंडी घ्यायचा असतो. त्यामुळे हिच्याच आवाजात प्रश्न गेला, "डॉक्टर साहब, मेरे पास कितने दिन हैं?" डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळत म्हणाले, "पहले रिपोर्ट तो आने दो."

रात्री तिनं त्या दोन शब्दांचा अर्थ शोधला. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. डोळा लागला की स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, कितने दिन हैं.

इथे माझं चुकलं. मी तिची झोप, धडधड, श्वास यांवर काम करत बसले. सातव्या दिवशी, दुसऱ्या भेटीत, ती म्हणाली, "ताई, श्वास ठीक आहे. पण ते काका अजून तेच समजून बसलेत." मग माझ्या ध्यानात आलं, की तिला आधी हवं होतं ते तिच्या कामातलं उत्तर, आणि ते माझ्याकडे नव्हतं. गावातल्या अनुभवी दुभाषांना विचारायची तिची छाती होत नव्हती. कामं त्यांच्याच हातून येतात. चूक कळली तर पुढचं बोलावणं बंद, ही तिची भीती. ही भीती खोटी नाही, म्हणूनच ‘मनातून काढून टाक’ असं मी तिला म्हटलं नाही.

मीसुद्धा माझ्या केसेस दुसऱ्या ज्येष्ठ समुपदेशकाकडे नेते. नाव नाही, पत्ता नाही, ओळख लागेल असं काही नाही. फक्त अडलेली जागा. मग दुभाषालाच एकटं का ठेवायचं? बधिरांच्या शाळेत शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंकडून मी दुसऱ्या शहरातल्या एका ज्येष्ठ दुभाषी ताईंचा नंबर मिळवला. त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. (साध्या फोनचा इथे उपयोग नाही, हात आणि भुवया दिसायला हव्यात. भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो.) ताईंनी सांत्वनाआधी एवढंच सांगितलं, "उद्याच दुरुस्त कर. त्यांच्या पुढच्या तारखेची वाट बघू नकोस."

पुढे जे ठरलं ते आधी सांगते, कारण विचारणाऱ्यांना तेच हवं असतं. दर पंधरा दिवसांनी ताईंशी तासभर बोलायचं. घडलेला प्रसंग नावांशिवाय मांडायचा आणि ताण कुठून आला ते शोधायचं: जागेतून, माणसांच्या आपसांतल्या संबंधांतून, बोलण्याच्या ढबीतून, की आपल्याच मनातून. ही चार घरं रॉबिन डीन ही दुभाषी आणि रॉबर्ट पोलार्ड हे मानसशास्त्रज्ञ यांनी मांडलेल्या पद्धतीतली. त्यांचा लेख २००१ सालचा. लांबलचक कार्यक्रम असला की जोडीला ज्येष्ठ दुभाषी घ्यायचा, वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलायची, आणि आपली पाळी नसताना नुसतं बसायचं नाही, दुसऱ्याला सुटलेला शब्द पुरवायचा. साइन साफ पोचते का, हे मात्र एका बधिर शिक्षिकेलाच विचारायचं. माझा आग्रह एकाच गोष्टीचा होता: शिकवणारा आणि काम देणारा माणूस एक नको. तो एक असला, की नवखा चुका लपवायला शिकतो.

तिला सगळ्यात जड गेलं ते डॉक्टरांना थांबवणं. ‘इंटरप्रिटरला हा शब्द समजला नाही, कृपया पुन्हा सांगा’ हे म्हणायला तिला लाज वाटे. तेव्हा ताईंनी नाझी पुढाऱ्यांवर १९४५ साली सुरू झालेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्याचं सांगितलं. तिथे दुभाषांच्या इशाऱ्यावर दिवे लागत: पिवळा लागला की बोलणाऱ्यानं सावकाश बोलायचं, लाल लागला की थांबायचं.

आता चूक दुरुस्त करायची ती सकाळ. दवाखान्याकडून काका-काकूंना बोलावून घेतलं होतं. सुरुवातीलाच तिनं साइन करता करता डॉक्टरांनाही सांगितलं, की मागच्या वेळी इंटरप्रिटरकडून चूक झाली. डॉक्टरांनी या वेळी खुर्ची ओढली आणि सोप्या शब्दांत सांगितलं, गाठ कसली आहे ते अजून माहीत नाही, तपासायचं आहे. काका बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. काकू मात्र भडकल्या. हात जोरजोरानं चालत होते, ते तिच्याकडेच रोखून. दुभाषानं यातलंही काही गाळायचं नसतं. तिनं डॉक्टरांकडे बघून मोठ्यानं सांगितलं, "इस लड़की की वजह से मैं आठ रात सोई नहीं."

संध्याकाळी तिनं आधी फोन लावला तो ताईंना. मला दुसऱ्या दिवशी कळलं.