शून्य गुणांच्या बाळंतिणी

प्रिय डॉक्टर,

तू उपकेंद्राचा समुदाय आरोग्य अधिकारी असूनही गाव तुला डॉक्टर म्हणतं म्हणून मीही म्हणते, पण माझं अरे-तुरे काही सुटायचं नाही.

उपकेंद्राच्या हद्दीतल्या सगळ्या बाळंतिणींकडून ती बाळंतपणानंतरचं नैराश्य हुडकायची दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली भरून घेतलीस, एकीलाही तीनच्या वर गुण पडले नाहीत (गुण जितके जास्त तितका त्रास जास्त), आणि आता तू विचारतोस की आपल्याकडे हा आजारच नाही की काय. आहे. गोव्यात म्हापशाला मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला होता, तो २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणी नैराश्यात होत्या. तुझा तालुका म्हापशापेक्षा वेगळा, मान्य. पण तिथे तेवीस आणि तुझ्याकडे भोपळा, इतकाही वेगळा नसणार.

फॉर्म भरताना तिच्या बाजूला कोण बसलं होतं ते तू लिहिलेलं नाहीस. मी सांगते. सासू उंबऱ्यात, नणंद कॉटवर, बाळ बघायला आलेली शेजारीण दारात, आणि समोर पेन उघडून बसलेला परका पुरुष. त्यात पहिलाच प्रश्न हसू येण्याचा, गंमत वाटण्याचा. ‘येतं की’ म्हणण्यावाचून ती काय करणार?

प्रश्नावली वाईट नाही. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये ती तयार झाली तेव्हा अंगाची दुखणी तिच्यातून मुद्दाम वगळली होती, कारण बाळंतिणीचं अंग तसंही दुखतंच. हिशोब बरोबर आहे. पण आपल्या बायका मनाचं सांगताना अंगाचंच सांगतात. ‘डोकं गच्च झालंय’, ‘हातापायातलं त्राण गेलंय’, ‘छातीत धडधडतं’, ‘काही सुधरत नाही’. ‘मला दूधच नाही’ हेही त्यातलंच असू शकतं, बाळाचं वजन छान वाढत असताना ती हेच म्हणत राहिली तर विशेषच. म्हापशाच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. नैराश्य असलेल्या बायका दवाखान्यात इतरांपेक्षा जास्त येत होत्या. तुझ्याकडे सारखी अशक्तपणाच्या गोळ्या मागायला येणारी कोण आहे ते आठव. तिचं हिमोग्लोबिन बघ, थायरॉइड तपासून घे, आणि ते ठीक निघालं तर गोळ्या देऊन वाटेला लावू नकोस.

आता विचारायचं कसं. आशाताईंच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. त्या फॉर्मात भर सगळा बाळावर. वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का. आशाला सांग, एखादी भेट बाळाच्या आंघोळीच्या वेळेला ठेव. पाय लांब करून बाळाला पायांवर घेऊन मालीशवाली बसलेली असते, सासू गरम पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याशेजारी, बाळाने घर डोक्यावर घेतलेलं असतं, आणि खोलीत बाळंतीण एकटी असते. हीच काय ती दहा मिनिटं. तेव्हा फॉर्म काढायचा नाही. ‘बाळ झोपतं तेव्हा तरी तुला झोप लागते का?’ एवढंच विचारायचं. बाळ रडतं म्हणून जागणारी आणि बाळ गाढ झोपलेलं असताना आढ्याकडे बघत पडणारी, या दोन वेगळ्या बायका आहेत.

मग हळूच पुढचं. नको नको ते मनात येतं का? जीव नकोसा होतो का? हे विचारलं तर तिच्या डोक्यात भलतं भरेल असं तुला वाटतं, सगळ्याच नव्या लोकांना वाटतं. भरत नाही. उलट कुणी तरी विचारलं म्हणून सुटका झाल्यासारखी ती रडते. रडू दे. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी ठेवायचं नाही, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या हलवायच्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ‘उद्या बघू’ नाही.

एक फरक मात्र नीट शिकून घे. बाळ हातातून पडेल, आपल्याच हातून त्याला काही होईल, अशी चित्रं पुष्कळ आयांच्या डोळ्यांपुढे येतात. सुरी बघितली तरी काळजात धस्स होतं. ती त्या विचारालाच घाबरते, म्हणून कुणाला सांगत नाही. अशीला ‘बाळ मारायला निघालेली’ समजून गाव गोळा केलंस तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. पण जिला दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवा नाही, जी अखंड बोलते, जिला आवाज ऐकू येतात, जी म्हणते ‘हे बाळ माझं नाही, बदललंय’, तिची गोष्ट निराळी. हजारात एक-दोघींना होतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि ही आणीबाणी आहे. बाळाला तिच्यापाशी एकटं ठेवू नका, बाळ सोबत घ्या आणि गाडी काढा. निघण्याआधी ताप आणि बीपी बघ. बाळंतिणीला पाणी तोडायची खोड अजून आहेच आपल्याकडे, त्यातून डोक्यातल्या शिरेत रक्त गोठलेलंही असू शकतं, तेव्हा नुसतं ‘मानसिक’ लिहून धाडू नकोस.

घरचे म्हणतील, बाहेरचं आहे, पाचवीची पूजा नीट झाली नाही. वाद घालत बसू नकोस. अंगारा लावायचा तर लावा, पण गाडी आत्ता निघेल, एवढं ठणकावून सांग. मारहाण, चटके, धुरी सुरू झाली तर मात्र गप्प बसायचं नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. आणि ‘तिला ठेवून घेतील, मग तान्ह्याचं काय’ ही भीती घातली जाते, तेव्हा सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडायचं नसतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर माय-लेकरांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग २००९ पासून आहे.

पहिल्या बाळंतपणाच्या बायका तुझ्या यादीतून निसटतात, तेही सांगून ठेवते. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती माहेरी. तिथल्या आशाला ती पाहुणी, इथल्या आशाच्या मते ती गेलेली. म्हापशातल्या त्या नैराश्य असलेल्या बायकांपैकी बहुतेकींचं मन गरोदरपणातच ढासळलेलं होतं, तेव्हा दर ९ तारखेच्या मातृत्व अभियानाच्या तपासणीला वजन-बीपी झालं की झोपेचा प्रश्न तिथेच विचार. आणि ती परत येते कधी? सव्वा महिन्याने, नाही तर तिसऱ्या महिन्यात. आईच्या हातची अळीवाची खीर संपलेली, रानातलं काम सुरू, मुलगी झाली असेल तर घरातली तोंडं पडलेली. ४२ व्या दिवसानंतरची, तिसऱ्या महिन्यातली आशाची गृहभेट नेमकी इथे येते. माझ्या मते सगळ्यात मोलाची भेट हीच, आणि सगळ्यात जास्त चुकते तीही हीच.

तू लिहिलंस की पुरुष असल्यामुळे तुझ्याशी कुणी बोलत नाही. बायका नाही बोलणार, पण नवरे बोलतील, आणि ते आम्हा सिस्टर लोकांना कधी जमलं नाही. दहातल्या साधारण एका बापाला या काळात नैराश्य येतं असं जगभरातल्या अभ्यासांची बेरीज सांगते. ते ‘उदास वाटतं’ म्हणत नाहीत. चिडचिड करतात, उशिरा घरी येतात, पिणं वाढतं. सिझरचं बिल, उसने घेतलेले पैसे, रात्रभर रडणारं पोर. चहाच्या टपरीवर बसलास तर निम्मं आपोआप कळेल. त्याला ‘बायकोला समजून घे’ असं मोघम सांगू नकोस, काम दे. रात्रीचे सलग चार-पाच तास बाळ त्याने किंवा आजीने सांभाळायचं, दूध काढून ठेवलेलं वाटी-चमच्याने पाजायचं, आणि तिला झोपू द्यायचं. फक्त एक पथ्य: ती जे बोलली ते त्याच्या कानावर घालायचं नाही. तो हात उचलत असेल तर नाहीच नाही.

औषधांचं म्हणशील तर ती मानसोपचारतज्ज्ञांनीच लिहायची, तू उगाच झोपेची गोळी देऊ नकोस. अंगावर पाजतानाही चालणारी औषधं आहेत, हे मात्र घरच्यांना तूच सांगायला हवं, कारण ‘दुधातून उतरेल’ म्हणून गोळ्या केरात जातात. आधीपासून औषध चालू असलेली मुलगी गरोदर राहिली तर तिला परस्पर बंद करू देऊ नकोस, तातडीने डॉक्टरांना दाखव. व्हॅल्प्रोएटसारखं औषध असेल तर ते गर्भाला घातक ठरतं आणि बदलावं लागतं, पण तेही डॉक्टरांनीच. जिल्हा रुग्णालय लांब पडतं तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तो सेव्ह करून दे.

सौम्य त्रास असेल तर दर आठवड्याला कुणी तरी जाऊन बसणं हाच निम्मा उपचार. गोव्यात हे काम वस्तीतल्याच, स्वतः आई असलेल्या बायकांकडून करवून पाहिलं. ‘सखी’ म्हणत त्यांना. चमत्कार झाला नाही, पण थोडा आणि खरा फरक पडला. तुझ्याकडे अशी कोण आहे ते आशाताईंना विचार. आशाताईंनाही विचार हो, त्याही कुणाच्या तरी आया आहेत.

तुझा शेवटचा प्रश्न नोंदीचा. उपकेंद्रातलं रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं, लसीकरणाच्या दिवशी अर्धं गाव त्यात डोकावतं. त्यात तिच्या नावापुढे ‘डिप्रेशन’ लिहू नकोस. ‘पुन्हा भेट’ आणि तारीख, एवढं पुरे. बाकीचं तुझ्या कुलपातल्या वहीत.

तुझी,
सिस्टरबाई