गुळाच्या डब्याचं कुलूप काढा

पत्र: सासूबाई ६८ वर्षांच्या, जुना डायबिटीस. दिवाळीनंतर साखर फार वाढली, म्हणून मी त्यांची भाकरीच बंद केली. आधी दोन्ही वेळा दोन-दोन खायच्या. आता भरीत, पालेभाजी, ताक. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी सकाळ-संध्याकाळ न चुकता देते. तरी रात्री उठून चोरून गूळ खातात, म्हणून डबा कुलपात ठेवला. पहाटे चिडचिड करतात. गोधडी जाड, त्यामुळे ब्लाऊज घामाने भिजतो, तो बदलायचं कामही माझंच. आणि नणंद गल्लीत सांगत फिरते, ‘वहिनी मनी मायले उपाशी मारस.’ तिला काय उत्तर देऊ?
– एक सून, अमळनेर तालुका

ताई, नणंदेचं मागून बघू. आधी तो ओला ब्लाऊज.

जानेवारी चाललाय, तुमच्याकडे पहाटे शेकोट्या पेटताहेत आणि सासूबाईंना घाम फुटतो तो म्हणे गोधडीमुळे! पहाटेचा घाम, चिडचिड आणि गोडाची ओढ एकत्र दिसली की पहिला संशय साखर ७० च्या खाली गेल्याचा. त्या चोरी करत नाहीयेत. जीव वाचवायला शरीर त्यांना उठवतंय, आणि तुम्ही नेमकं औषधच कुलपात घातलंय. ते कुलूप हे वाचता वाचता काढा.

आता चूक कुठे झाली ते. साधारण ६५ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. चार भाकरी म्हणजे दिवसाला १८० ग्रॅम, आणि तुम्ही ती एका झटक्यात काढून घेतलीत. गोळी मात्र तेवढीच ठेवलीत. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. पोटात भाकरी असो वा नसो, ते स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेतंच. वयाने मूत्रपिंडं मंदावली असतील तर औषध अंगात जास्त वेळ राहतं. भाकरी कमी करणं चूक नव्हतं. डॉक्टरांना न विचारता केलीत, हे चूक.

म्हणून एकच करा: आज रात्री त्यांच्या ताटात भाकरी परत वाढा. डॉक्टरांना आजच फोन करून संध्याकाळच्या गोळीचं विचारा आणि उद्या गोळ्यांची पाकिटं घेऊन त्यांच्यापुढे बसा. गोळी आपल्या मनाने कायमची बंद करू नका. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, कधी केली होती तेही विचारा.

तोवर झोपताना आणि रात्री तीनला ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आकडा आला, किंवा मशीन हाताशी नसताना घाम-थरथर दिसली, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. चढली नसेल तर पुन्हा तेवढीच. चढली की अर्धी भाकरी किंवा कपभर दूध. शेंगदाण्याचा लाडू अशा वेळी कामाचा नाही, तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. त्या बरळत असतील, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीवर आल्या तरी दवाखान्यात न्याच, कारण या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते.

डॉक्टरांनी डोस ठरवून दिला की मग कमी करा, पण एका जेवणातली अर्धी भाकरी, आणि आठवडाभर आकडे लिहून मगच पुढची. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, म्हणजे कळण्याची, भाकरी करा. उडदामुळे प्रथिनं वाढतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. भरिताला तेलाचा हात आखडता घ्या आणि सोबत वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ द्या. नुसतं भरीत-ताक हे काही जेवण नव्हे. गोळ्यांत ‘फ्लोझिन’ने संपणारं नाव असेल, तर भाकरी अजिबात बंद करायची नाही, कारण साखर बरी दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

राहिली नणंद. तिच्या आईला दोन महिने रोज घाम येतोय, तिलाही तो कळलेला नाही. उत्तर कसलं देता, ग्लुकोमीटर वापरायला शिकवा आणि राहायला आली की रात्री तीनची पाळी तिला द्या.